रंग किती चढला

परळला टाटा हॉस्पिटलात दाखवायला निघालेल्या माणसांना गावाकडचे डॉक्टर एक गोष्ट बजावून सांगतात: नुसते रिपोर्ट नकोत, स्लाइडी आणि ब्लॉकसुद्धा बरोबर घ्या. स्लाइड काय असते हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं असतं. ब्लॉक मात्र बहुतेकांच्या हातात तेव्हाच पहिल्यांदा पडतो. माझ्या मामांचा ब्लॉक मी असाच पाकिटात घालून, उन्हाने वितळेल या धास्तीने गाडीच्या खिडकीपासून लांब धरून नेला होता. आगपेटीपेक्षा थोडी लहान, जाळीदार प्लास्टिकची चौकट. तिच्या कडेला लिहिलेला नंबर. पाठीवर पांढरट मेणाची वडी, आणि त्या मेणात रुतून बसलेला नखाएवढा करडा तुकडा. तो तुकडा मामांच्या उजव्या फुप्फुसातला होता. हे मेण साठेक अंशांशिवाय वितळत नाही, हे मला फार नंतर कळलं.

फाइल चाळून झाल्यावर मामींनी विचारलं, "डॉक्टर, किती दिवस आहेत?" डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही. अशा आजाराची शंभर माणसं घेतली तर पाच वर्षांनी त्यांतली साधारण किती असतात ते सांगता येतं. त्या शंभरांत तुमचे यजमान कुठे बसतात ते मला दिसत नाही, असं ते म्हणाले. मामी गप्प बसल्या. मला मात्र त्या दिवसापासून तो प्रश्न सुटेना. वाचत गेलो तसा एक आकडा वाटेत भेटला, डीएनए इंडेक्स नावाचा. मामींच्या 'किती'चं उत्तर शोधायला काही माणसांनी दुसरंच एक 'किती' मोजायला घेतलं होतं: गाठीतल्या एकेका पेशीत डीएनए किती आहे? ही त्या आकड्याची कुळकथा.

प्रश्न कसा होता ते आधी सांगतो. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलात एव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने कॅन्सर झालेल्या एका रुग्णाचं डावं फुप्फुस अख्खं काढलं. एकाच बैठकीत पूर्ण फुप्फुस काढून कॅन्सरचा रुग्ण वाचल्याची ती पहिली वेळ. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो त्यानंतर तीस वर्षं जगला. ग्रॅहम सिगारेट ओढत. १९५० मध्ये अर्न्स्ट विंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनीच धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९५७ मध्ये ते त्याच रोगाने गेले. त्यांचा रुग्ण त्यांच्या मागे आणखी सहा वर्षं होता. दोघांच्या कॅन्सरची जात एक नव्हती हे खरं. पण एकाच जातीचा, एकाच आकाराचा, एकाच टप्प्यावर कापून काढलेला कॅन्सर घेतला तरी हेच होतं. एकाच महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या दोन माणसांपैकी एक नातवाच्या लग्नात जेवतो आणि दुसऱ्याचं वर्षश्राद्ध उरकलेलं असतं. गाठीचा आकार, लसिका ग्रंथींपर्यंत झालेला प्रसार, सूक्ष्मदर्शकातलं रूप, हे सगळं पाहूनही फरक कळत नाही. तो पेशीच्या आत कुठेतरी असणार, एवढं सगळ्यांना वाटत होतं.

पेशीच्या आतल्या ऐवजाला पहिला हात लावला तो पुवाने. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीडरिख मीशर हा स्विस तरुण शस्त्रक्रिया विभागातून आलेली पुवाने भिजलेली पट्टी धूत बसे. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्यांचं केंद्रक मोकळं करायचं तर भोवतालची प्रथिनं जिरवायला हवीत. त्यासाठी मीशरने डुकराच्या जठरातून काढलेलं पेप्सिन वापरलं, म्हणजे आपलं जेवण पचवणारा तोच पाचकरस. खाली जो साका उरला त्यात फॉस्फरस होता आणि तो कुठल्याही ज्ञात प्रथिनासारखा नव्हता. त्याने त्याला 'न्यूक्लिन' म्हटलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो ते हेच. पेप्सिनचं नाव ध्यानात ठेवा, ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

गाठीच्या पेशीत काहीतरी जास्त-कमी आहे हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खोचे सहायक असलेल्या डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी. निरोगी पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रांची वाटणी चोख होते, भावाभावांत शेताची व्हावी तशी, बांधाला बांध लावून. कॅन्सरच्या पेशींत हान्सेमानना ही वाटणी वाकडी दिसली: एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. हे १८९० मध्ये. पुढे वुर्झबुर्गचे थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री सायाळीची अंडी घेतली. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि त्यातून निघालेले भ्रूण वेडेवाकडे वाढून मरतात, हे त्यांनी दाखवलं. त्यावरून १९१४ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की कॅन्सरचं मूळ अशाच चुकलेल्या वाटणीत असावं. स्वतः ते गाठींवर काम करणारे नव्हते. पुढच्याच वर्षी ते वारले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. हाती अंड्यांखेरीज काही नसताना त्यांनी जे म्हटलं त्याच्याकडे वैद्यक शंभर वर्षांनी परत आलं.

पण वाटणी वाकडी आहे असं म्हणणं वेगळं आणि किती वाकडी ते मोजणं वेगळं. मोजायला तराजू हवा. तो एका रंगातून आला.

जर्मनीतले रोबर्ट फॉयलगेन वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या न्यूक्लिक आम्लावर काम करत होते. १९१४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की हे आम्ल सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ गरम केलं की शिफच्या द्रावात ते किरमिजी होतं. शिफचा द्राव आधीपासून रसायनशाळांत होता. ह्यूगो शिफ यांनी तो १८६० च्या दशकात केला होता. फुक्सिन हा झगझगीत जांभळट-लाल रंग घ्यायचा, त्यात गंधकाचा वायू सोडायचा, रंग उडून पाण्यासारखा द्राव उरतो. तो नुसता दिसतो निवळ. त्याला अल्डिहाइड भेटलं की आत लपलेला रंग क्षणात वर येतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा लाल उमटतो, तसाच हा प्रकार. डीएनएच्या साखळीतली साखर एरवी बांधलेली असते. कोमट आम्लाने तिच्यावरचे काही मणी गळून पडतात, साखरेचं तोंड उघडं होतं आणि तेच अल्डिहाइड. आरएनएतली साखर इतक्या सौम्य आम्लाला बधत नाही, म्हणून तिला रंग चढत नाही.

फॉयलगेनना ही गोष्ट परीक्षानळीतून पेशीवर आणायला दहा वर्षं लागली. १९२४ मध्ये त्यांनी हाइनरिख रोसेनबेक यांच्यासह ती रीत प्रसिद्ध केली. पेशींची काच साठ अंशांच्या आम्लात काही मिनिटं धरायची, मग शिफच्या द्रावात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीचा बाकी पसारा रंगहीन, आणि मधोमध केंद्रक तेवढं किरमिजी. तोवर प्राण्यांचं न्यूक्लिक आम्ल वेगळं आणि वनस्पतींचं वेगळं असा पक्का समज होता. फॉयलगेननी गव्हाच्या अंकुरालाही तोच रंग चढवून दाखवला, आणि त्या समजाला तडा गेला.

या रंगाचा खरा गुण मात्र पुढे कळला. इतर बरेचसे रंग कपड्याला डाग लागावा तसे लागतात, कुठे गडद, कुठे फिका, कारण कळत नाही. हा रंग हिशेबी आहे. जितका डीएनए तितकी उघडी साखर, जितकी उघडी साखर तितका रंग. म्हणजे रंग किती चढला ते मोजलं की डीएनए किती ते कळलं. माणसाच्या एका साध्या पेशीत डीएनए असतो सहा-सात पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एवढं वजन कुठल्या काट्यावर घेणार? पण किरमिजी ठिपक्यातून प्रकाश सोडून तो किती अडला हे पाहता येतं. स्टॉकहोममध्ये टॉर्ब्यॉर्न कास्परसन यांनी तर रंगाचीही वाट पाहिली नाही. न्यूक्लिक आम्ल अतिनील किरण शोषतं, म्हणून त्यांनी साध्या काचेऐवजी क्वार्ट्झची भिंगं लावून सूक्ष्मदर्शक उभारला आणि १९३६ मध्ये जिवंत ऐवजाचं प्रकाशाने वजन करण्याची रीत मांडली. पेशीचं रसायन आता पेशी न फोडता वाचता येऊ लागलं.

तराजू आला, पण वजनाचा दगड? एक किलोचा दगड सगळ्या बाजारात एकच असेल तर तराजूला अर्थ. तो १९४८ मध्ये मिळाला. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे आंद्रे ब्वाव्हँ आणि रॉजर व कोलेत व्हान्द्रेली या तिघांनी दाखवलं की एका जातीच्या प्राण्याच्या यकृतात, मूत्रपिंडात, कुठेही पाहिलं तरी साध्या पेशीत डीएनए सारखाच भरतो आणि शुक्रपेशीत बरोबर निम्मा. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड मिर्स्की आणि हान्स रिस यांनी लगेच वर्षभरात तेच सांगितलं. डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक आहे याला यातून बळ मिळालं. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत त्यासाठी येते. आपल्या गोष्टीला ती वेगळ्या कामाची आहे. निरोगी पेशीचं माप एकदा पक्कं झालं की बिघडलेल्या पेशीचं माप त्याच्याशी ताडता येतं. निरोगीला १.० म्हणायचं. गाठीतली पेशी १.० असेल, १.३ असेल, १.७ असेल, किंवा सरळ दुप्पट, म्हणजे २.० असेल. डीएनए इंडेक्स हे नाव आणि त्याचे नियम १९८४ मध्ये ठरले, पण आकडा जन्मला तो असा.

सेसिली लॉयश्टेनबेर्गर यांनी १९५४ मध्ये माणसाच्या निरोगी आणि कॅन्सरग्रस्त अवयवांतल्या पेशींचं अशा रीतीने वजन केलं. निरोगी पेशींची वजनं एका ठिकाणी गोळा झाली, गाठीतल्या पेशींची विखुरली. या वर्षाकडे जरा बघा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात हे स्वीडनमधल्या लुंडच्या ज्यो हिन टिजो आणि आल्बेर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवलं. तोवर सगळी पुस्तकं ४८ सांगत. म्हणजे ऐवज किती नग आहे हे नीट ठाऊक नसताना त्याचं वजन मात्र बरोबर घेतलं गेलं होतं.

आता हे वजन माणसाच्या आयुष्याशी जोडायचं राहिलं होतं, आणि ते काम ज्याने केलं त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. लंडनच्या कडेला नॉर्थवुड इथे माउंट व्हर्नन हॉस्पिटल आहे. तिथे नील्स अॅटकिन १९५० च्या दशकात गाठींतल्या फॉयलगेन-रंगलेल्या पेशी मोजू लागले. एकेक केंद्रक भिंगाखाली आणायचं, प्रकाशाचा ठिपका त्याच्यावर बसवायचा, आकडा टिपायचा, पुढच्या केंद्रकाकडे जायचं. एका गाठीसाठी अशी कितीतरी केंद्रकं. मग त्या रुग्णाची फाइल जपायची आणि वाट पाहायची, वर्षानुवर्षं. रुग्ण आला, गेला, पत्ता बदलला, वारला, ते सगळं नोंदत राहायचं. १९७९ मध्ये अॅटकिन आणि आर. के यांनी जो हिशेब छापला तो १,४६५ रुग्णांचा होता. बऱ्याच अवयवांत १.० च्या आसपासच्या गाठींचे रुग्ण जास्त जगले होते; अवयवागणिक मात्र निकाल सारखा नव्हता. भाकिताचं शास्त्र म्हटलं की लोकांना यंत्र आठवतं. मला या धंद्यात फाइल सांभाळणारा माणूस यंत्राहून मोठा वाटतो. रुग्णाचं पुढे काय झालं हे कोणी लिहून ठेवलं नसेल तर गाठीचा आकडा नुसता आकडाच राहतो, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेनंतर गावी गेलेला रुग्ण किती वेळा वहीतून कायमचा नाहीसा होतो ते मी पाहिलं आहे.

हाताने एकेक पेशी मोजण्याचं युग यंत्राने संपवलं. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये व्होल्फगांग ग्योडे यांनी १९६८ मध्ये असं यंत्र बांधलं की ज्यात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक, तिकिटाच्या रांगेतल्यासारख्या, प्रकाशासमोरून जातात. त्यांना चमकणारा रंग लावलेला असतो. प्रत्येक पेशी समोरून जाताना एकदा लकाकते आणि जितका डीएनए तितकी लकाकी. काही मिनिटांत हजारो पेशींचा आलेख तयार. अॅटकिनना ज्याला दिवस लागे ते चहा निवण्याआधी होऊ लागलं. याला पुढे फ्लो सायटोमेट्री म्हणू लागले.

पण यात एक अडचण होती, आणि ती फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मोठी होती. धारेतून जायला पेशी सुट्या आणि ताज्या हव्यात. आज कापलेली गाठ आज मोजली तर त्या रुग्णाचं काय झालं ते कळायला पाच वर्षं थांबायला हवं. एकेका संशोधकाच्या उमेदीत असे किती डाव बसणार? दुसरीकडे प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लाकडी खणांत, मेणाचे हजारो ब्लॉक पडून होते. ज्यांचे ते ब्लॉक, त्यांच्यातले कोण जगले आणि कोण गेले ते फाइलींत लिहिलेलं होतं. उत्तरं हाती होती. प्रश्न विचारायचा मार्ग नव्हता.

तो मार्ग सिडनीतल्या डेव्हिड हेडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काढला, आणि तो इतका साधा आहे की वाचताना हात स्वतः करून बघायला शिवशिवतात. रोजच्या स्लाइडीसाठी टेक्निशियन मायक्रोटोमच्या पात्याने ब्लॉकची चार-पाच मायक्रॉन जाडीची चकती काढतो, कांद्याच्या पातीच्या पापुद्र्याहून पातळ. केंद्रक त्याहून जाड असतं, म्हणजे पातं केंद्रकाच्या मधूनच जातं. रोगनिदानाला ते चालतं. वजन करायला चालत नाही, कारण अर्धं केंद्रक अर्धंच भरणार. म्हणून हेडलींनी तीस मायक्रॉनची जाड चकती घेतली, मग फार थोडी केंद्रकं पात्याला सापडतात. झायलीनमध्ये मेण विरघळवलं. मग अल्कोहोलच्या उतरत्या पायऱ्यांनी, आधी शुद्ध, मग पाणी मिसळलेलं, तुकड्याला हळूहळू पाण्यात आणलं. आणि मग पेप्सिन. जठरातल्याइतकं आंबट पाणी, अंगाइतकी ऊब, अर्धा तास. ऊतीची वीण सुटते, पेशींचा बाकी ऐवज जिरतो आणि मोकळी केंद्रकं तरंगू लागतात. मीशरने ज्याने पुवातली केंद्रकं मोकळी केली होती तेच पेप्सिन, ११४ वर्षांनी, मेणातल्या कॅन्सरची केंद्रकं मोकळी करत होतं. त्यांना डॅपी हा निळा चमकणारा रंग दिला, धारेत सोडलं, आणि मेलेल्या-जगलेल्या सगळ्यांच्या गाठींचे आलेख एका आठवड्यात हाती येऊ लागले.

तो आलेख कसा दिसतो ते सांगायला हवं. निरोगी ऊतीत डावीकडे एक उंच सुळका येतो, १.० वर. त्याच्या दुप्पट अंतरावर एक बुटका उंचवटा, दुभंगायच्या बेतात असलेल्या, डीएनए दुप्पट करून बसलेल्या पेशींचा. दोघांच्या मध्ये सपाट दरी, तिथे डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशी. गाठ बिघडलेली असेल तर दरीत आणखी एक सुळका उभा राहतो, १.६ वर, १.८ वर. तो दिसला की गाठ 'अन्युप्लॉइड'. नसला तर 'डिप्लॉइड'.

आणि मग ब्लॉकांचे खण उघडले. १९८५ मध्ये हायडेलबर्गच्या मान्फ्रेड फोल्म आणि सहकाऱ्यांनी, ताज्या गाठी मोजून, आणि १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिस्बेनच्या पी. व्ही. झिमरमन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा निकाल सांगितला: शस्त्रक्रियेनंतर डिप्लॉइड गाठींचे रुग्ण जास्त जगतात. मामींचा प्रश्न आणि मेणातला आकडा एका कागदावर आले. त्या काळातले लेख वाचताना त्यांची उमेद जाणवते. एक चकती, अर्धा तास पेप्सिन, आणि कोणाला शस्त्रक्रियेनंतर आणखी औषध द्यायचं ते ठरवता येईल!

तसं झालं नाही. पुढची दहा वर्षं एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत उलटा येत राहिला. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. ताज्या पेशींबरोबर ज्ञात वजनाच्या पेशी, बहुधा कोंबडीच्या रक्तातल्या, मिसळून माप ताडता येतं. मेणातून काढलेल्या केंद्रकांना रंग कमी-जास्त चढतो, तिथे हा दगड चालत नाही. मग आलेखात सगळ्यात डावीकडचा सुळका तो १.० असं गृहीत धरायचं. धरलं, पण तो सुळकाच गाठीचा असेल तर? शिवाय गाठीच्या तुकड्यात गाठ किती आणि शेजारची निरोगी ऊती व रक्तातल्या पेशी किती, हे ब्लॉकगणिक वेगळं. आणि सगळ्यात मोठं कारण: एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतून घेतलेले दोन तुकडे दोन वेगळे आकडे देतात. हे ज्यांनी पाहिलं त्यांनी तो मोजणीतला दोष मानला. पुढे तोच मुद्दा ठरायचा होता. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या संघटनेने स्तन आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ही चाचणी नित्याची करण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं, आणि एकंदरच तिच्यावरची नजर हटली.

२००१ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा सगळा विखुरलेला हिशेब एकत्र मांडला. ३५ अभ्यास, ४,०३३ रुग्ण, सगळे शस्त्रक्रिया झालेले. त्यांतल्या २,६२६ जणांच्या, म्हणजे शंभरांत पासष्टांच्या, गाठी अन्युप्लॉइड निघाल्या. ज्यांची गाठ १.० च्या जवळ होती त्यांना पहिल्या तीन वर्षांत मृत्यूचा धोका इतरांच्या निम्म्याच्या आसपास होता, चौथ्या वर्षीही तो कमीच होता. म्हणजे फॉयलगेनच्या रंगापासून निघालेला आकडा खोटा नव्हता. पण तो चार हजार माणसांबद्दल खरा होता. मामींसमोरच्या डॉक्टरांना लागणारं उत्तर एका माणसाबद्दलचं होतं. शंभरांतले पासष्ट एका पारड्यात टाकणारा तराजू त्या पासष्टांत भेद करत नाही.

त्यानंतर लवकरच सगळ्यांची नजर 'किती'वरून 'कोणतं'कडे गेली. २००४ मध्ये फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकात नेमका बदल सापडला आणि तो असेल तर ठरावीक गोळ्यांचा गुण येतो हे कळलं. डीएनएची अक्षरं वाचणं सोपं आणि स्वस्त होत गेलं. आज मुंबई-पुण्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा ब्लॉक तपासणीला जातो तो अक्षरं वाचण्यासाठी. त्यातून कितीतरी माणसांना वर्षं मिळाली आहेत, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण वजन करणारे विसरले गेले, याची चुटपुट मला होती.

ती २०१७ मध्ये गेली. ब्रिटनमध्ये चार्ल्स स्वांटन यांच्या नेतृत्वाखाली 'ट्रेसरएक्स' नावाचा अभ्यास सुरू झाला होता. त्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरवर सुरुवातीलाच शस्त्रक्रिया झालेल्या १०० रुग्णांच्या गाठी घेतल्या आणि एकेका गाठीचे अनेक कोपरे वेगवेगळे तपासले, मिळून ३२७ तुकडे. एका गाठीतल्या दोन कोपऱ्यांत फरक असतो हे जुन्या लोकांना दोष वाटलं होतं. यांनी त्या फरकालाच मोजलं. अक्षरांतला फरक किती, यावरून रोग परतेल की नाही ते सांगता आलं नाही. गुणसूत्रांच्या प्रमाणातला फरक किती, यावरून आलं: ज्यांच्या गाठीत तो जास्त होता त्यांना रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४.९ पट निघाला. हान्सेमाननी पाहिलेली वाकडी वाटणी ती हीच.

याच कामातून १.६ आणि १.८ च्या सुळक्यांचाही उलगडा झाला. फुप्फुसाच्या बऱ्याच कॅन्सरांत फार लवकर कधीतरी पेशी अख्खा डीएनए दुप्पट करून ठेवते, १.० ची २.० होते. भांडवल दुप्पट झालं की मग गुणसूत्रं हरवली तरी पेशी तगते. ती हरवत जाते, वेगवेगळ्या वाटांनी, आणि आकडा दोनवरून खाली घरंगळत येतो. अशा हजार वाटांनी गेलेल्या पेशींत कुठलीतरी एक औषधाला न जुमानणारी निघते. हेडलींच्या आलेखातला तो दरीतला सुळका म्हणजे घरंगळताना मध्येच टिपलेल्या पेशी. त्यांनी वजन बरोबर घेतलं होतं. ते वजन कुठून कुठे चाललं आहे, हे एका तुकड्यातून दिसणं शक्य नव्हतं.

शिफचा द्राव आजही प्रयोगशाळांत असतो, काळसर बाटलीत, फ्रीजमध्ये. तो चांगला आहे का ते पाहायची रीत जुनीच आहे: थोड्या फॉर्मॅलिनमध्ये दोन थेंब टाकायचे, किरमिजी रंग झटकन चढला तर ठीक, रेंगाळला तर नवा करायचा. बाटलीतच गुलाबी झालेला द्राव ओतून देतात.

मामा शस्त्रक्रियेनंतर चार वर्षं होते. त्यांचा ब्लॉक मामींनी परत मागून घेतला आणि तो त्यांच्या कपाटात, एका स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाशेजारी आहे. परवा मी तो पुन्हा हातात घेतला. पात्याने चकत्या गेल्या तिथे मेण गुळगुळीत आणि किंचित खोल झालं आहे, आणि कडेने पाहिलं तर करड्या तुकड्याची जाडी दिसते. निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.